मापाचा कागद

व्हिसा संपायला तेवीस दिवस,
नोटिशीला लागतात तीस.
एवढा हिशेब सुभाषनगरातलं शेंबडं पोरगंही करेल,
पण चौगुले वकीलबाईंनी तो पुन्हा मांडून दाखवला
कुणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर.

एक रस्ता असा :
विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्या,
महिनाभर ती फळ्यावर राहील,
येणारा-जाणारा वाचेल आमची नावं,
ऐनुरा कुठली ती, आणि उत्तम सातपुते,
हरकत असेल तर घेईल.
आमच्यात हरकत घेणारे फळ्यापर्यंत जात नाहीत,
घरीच येतात, चहा पिऊन बोलतात.
मग व्हिसा बदलून मागा, बायको म्हणून.
दिला तर दिला.

दुसरा : तिनं बिश्केकला परत जायचं,
मागनं मी, लग्न तिथंच,
कागदांचं भाषांतर, शिक्क्यावर शिक्का,
मग वकिलातीच्या खिडकीशी उभं राहायचं.
तिसरा त्यांनी लिहिला नाही.
पेनाला टोपण लावलं.
दोन वर्षं लग्न टिकलं तर पुढं कायमचं कार्ड मागता येतं, म्हणाल्या,
आणि 'टिकलं तर' म्हणताना चष्मा पुसला.

दहा महिन्यांसाठी आली होती ऐनुरा,
विद्यापीठात, अदलाबदलीच्या योजनेतनं,
बाभळीच्या सालीत चामडं किती दिवसांत पिकतं ते मोजायला.
तिच्या बदल्यात इकडनं तिकडं कोण गेलं
ते आम्हाला कधी कळलं नाही.
पुस्तकातलं 'मी येते, मी जाते' पाठ करून आली होती,
माझ्या बहिणींनी महिन्यात मोडून टाकलं.
आता म्हणते, "मी दूध आणतो, तू बस."
परदेशी नोंदणीच्या टेबलाशीही तेच :
"मागच्या सोमवारी पण मी आलेलो."
हवालदार हसला. "बाई, तुम्ही तर इथल्याच की."
शिक्का मात्र मारला नाही.

आबा दोन महिने काही बोलले नव्हते.
ना हो, ना नको.
त्या रात्री दोऱ्याला मेण लावता लावता म्हणाले,
"पोरी, पाय ठेव हितं."
हाताला लागला तो कागद ओढला,
तिच्या व्हिसाची झेरॉक्स निघाली, पाठकोरी.
पेन्सिल टाचेपासनं फिरली,
अंगठ्यापाशी जरा रेंगाळली.
"डावा मोठा हाय.
दोन्ही डाव्याच्याच मापानं करतो.
घट्ट झाली की माणूस ती घालत न्हाई."
चपलेबद्दलच बोलत असावेत.

सकाळी घाईत तोच कागद गठ्ठ्यात गेला.
साहेबांनी उलटून पाहिला.
"हे काय?"
"पाय," ऐनुरा म्हणाली.
"कुणाचा?"
"माझा. हा मोठा आहे."
त्यांनी तो टाचणीतनं सोडवून परत दिला,
स्वच्छ झेरॉक्स आणा म्हणाले, दोन प्रती.

आम्ही दुसरा रस्ता धरला.
धरला म्हणजे, तेवढाच उरला.
कावळा नाक्यावर रात्री साडेनऊची गाडी,
तिच्या पायात नवी जोडी, कान लावलेली, वेणीची,
चालताना करकर वाजणारी.
"चावंल चार दिवस. तेल लाव," आबा म्हणाले.
तिकडं सहा महिने बर्फ असतो
हे आबांना मी सांगितलं होतं.
ऐकलं, आणि तरीही तळाला एक पट्टी जादा शिवली.

सगळ्या फॉर्मांत एक रकाना होता, निघण्याची तारीख.
गाडीच्या पायरीवरनं ती म्हणाली,
"येतो."
कंडक्टरनं दार ओढलं,
मला उलट उत्तर द्यायला सुचलं नाही, 'ये' एवढंसुद्धा.

तो कागद दुकानात खिळ्याला आहे.
गिऱ्हाइकांची मापं आबा तिथंच लावतात,
मोडलेल्यांची, मेलेल्यांचीही.
मी दोनदा फोटोची बाजू वर केली.
येताजाता आबा तो पुन्हा पालथा करतात.